तीनदा विचारायचं असतं

जसिंता हॅनरहाननं आयुष्यातला पहिला मार खाल्ला तो एका बिस्किटावरून. तेव्हा ती सात वर्षांची होती. आई फिलोमिनाबरोबर शेजारच्या शीहीबाईंकडं गेली होती. शीहीबाईंनी ताट पुढं केलं. ताटात नारळाचा कीस लावलेली गुलाबी बिस्किटं. "घे गं बाळ," म्हणाल्या. आणि बाळानं घेतलं. पहिल्याच विचारण्याला, बेधडक. फिलोमिना तिथं हसली. घरी आल्यावर मात्र तिनं दार लावलं आणि लाकडी पळीनं पोरीच्या मांड्या लाल केल्या. घरात खायला मिळत नाही म्हणतील लोक, आईनं वळण लावलं नाही म्हणतील, असं एकेका फटक्याला एकेक वाक्य.

फिलोमिनाचंही चुकलं असं म्हणवत नाही. आमच्या लिमरिक जिल्ह्यात हे आईच्या दुधाबरोबर येतं. पहिल्यांदा विचारलं की म्हणायचं, नको हो, राहू द्या. दुसऱ्यांदा विचारलं की म्हणायचं, खरंच नको, आत्ताच खाऊन निघाले, मग पोटात कावळे का ओरडत असेनात. तिसऱ्यांदा विचारलं की जरा अवघडून म्हणायचं, बरं बाई, एवढं म्हणताय तर अर्धा कप. आणि हे एकट्या पाहुण्याचं काम नाही. विचारणाऱ्यानं तीनदा विचारायचं असतं. पहिल्या 'नको'ला किटली खाली ठेवणारा माणूस एक तर कंजूष, नाही तर इंग्लिश.

जसिंता हे सगळं असं शिकली की त्यात तिचा हात धरणारं कुणी उरलं नाही. सुपरमार्केटात गरम खाण्याच्या काउंटरवर ती सकाळी सहापासून उभी असायची, गवंड्यांना आणि ट्रकवाल्यांना सॉसेज-अंडं भरलेले पाव द्यायची. मॅनेजरनं तिला काउंटरची मुख्य व्हायला विचारलं तेव्हा ती म्हणाली, मी कसली, त्या नोरीनला द्या, तिची नोकरी जुनी आहे. मॅनेजर गावचाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तिसऱ्या दिवशी पुन्हा आला, आणि तिसऱ्या दिवशी ती मुख्य झाली. नोरीनला यात काही वावगं वाटलं नाही, कारण नोरीनलाही ठाऊक होतं हे असंच असतं. फिनबारनं लग्नाचं विचारलं तेही तीनदा, रीतसर. पुढं दोन मुलं पदरात टाकून तो ऑस्ट्रेलियाला निघून गेला, तेव्हा मात्र त्यानं एकदाही विचारलं नाही.

तरी तिचं बरं चाललं होतं. मॉसी लूबीच्या घरात ती अकरा वर्षं भाड्यानं राहिली. मॉसी म्हणजे निवृत्त पोलीस, तीन घरांचा मालक, रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर. एका शनिवारी तो बायकोनं केलेला सफरचंदाचा टार्ट घेऊन आला. खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला की भाव चढलेत, आत्ता विकलं नाही तर लोक मला वेड्यात काढतील, मनाला लावून घेऊ नकोस. जसिंतानं काय करावं? चहा केला तिनं. मॉसी दोनदा नको म्हणाला, तिसऱ्यांदा घेतला. जाताना तिनंच त्याला म्हटलं, अहो घर तुमचं आहे, मी कोण मनाला लावून घेणारी. दुसरी कुणी असती तर तो टार्ट त्याच्या टकलावर पालथा घातला असता. जसिंतानं ताटली धुऊन परत पाठवली.

मग सहा महिने ती घर शोधत फिरली. एकेका घराला साठ-साठ माणसं रांगेत, हातात पगाराच्या पावत्या आणि धर्मगुरूच्या चिठ्ठ्या. दोन पोरांची एकटी आई म्हटल्यावर दलालांचे चेहरेच बदलायचे. शेवटी महापालिकेनं तिला एका मोठ्या हॉटेलात खोली दिली. एक खोली, दोन पलंग, तीन माणसं, पाच महिने. किटली चालायची, बाकी काही शिजवायचं नाही. आणि मुलांची ने-आण बाजूच्या दारानं करायची, लग्नाच्या पाहुण्यांना दिसायला नकोत. ओरान तेव्हा नऊ वर्षांचा, तो हे सगळं बघायचा. धाकटी क्लोदा पाच वर्षांची, ती पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली. जसिंता पहाटे उठून चादर बाथरूमात धुवायची आणि कामाला जायची. काउंटरवर कुणाला पत्ता लागू दिला नाही तिनं.

हॉटेलातून ते मठात आले. मठ म्हणजे चर्चच्या जोगिणींचा, नन्सचा, जुना मठ. जोगिणी मेल्या, उरलेल्या वृद्धाश्रमात गेल्या, आणि ती वास्तू क्वेड ट्रस्टनं घेतली. घर नसलेली अठरा कुटुंबं तिथं राहायची. मॅलकी क्वेड हा ट्रस्टचा धनी. अर्ध्या जिल्ह्याला सिमेंटचे ब्लॉक विकून गबर झालेला माणूस, जिभेवर साखर, पाठीवर थाप, सगळ्यांना पहिल्या नावानं हाक. त्याच्या मनात खोट होती असं मी म्हणणार नाही. लहानपणी त्याचंही कुटुंब एका गोठ्यात दोन हिवाळे राहिलं होतं, हे तो प्रत्येक भाषणात सांगायचा, आणि ते खरं होतं. एकाही पोरानं हॉटेलात वाढू नये, असं त्याच्या मोटारीच्या मागच्या काचेवरही लिहिलेलं होतं.

मठाचा कारभार रूथ पेम्बर्टन बघायची. ती केंटची, म्हणजे इंग्लंडातली. कामाला वाघ, कागदाला पक्की. तिच्याकडं प्रत्येक कुटुंबाची एक फाइल असायची आणि जे फाइलीत नाही ते जगात नाही. दुष्ट नव्हती हो. तिला हो म्हटलं की हो कळायचं आणि नको म्हटलं की नको कळायचं, एवढंच.

मठाच्या मागं जोगिणींची सफरचंदाची बाग होती. ती तोडून मॅलकीनं तिथं बारा घरं बांधली, परवडणाऱ्या भाड्याची, जन्मभर कुणी काढणार नाही अशी. सहा घरं महापालिकेच्या यादीप्रमाणं जायची. उरलेली सहा मॅलकी स्वतःच्या हातानं देणार होता. सात नंबरचं घर जसिंताच्या खिडकीसमोर होतं. छप्पर चढताना तिनं पाहिलं, खिडक्या बसताना पाहिल्या. हिरवं दार लागलं त्या दिवशी क्लोदानं शाळेत सांगून टाकलं की आमचं दार हिरवं आहे. जसिंतानं तिला दटावलं, पण मनात तिनंही टेबल कुठं ठेवायचं ते ठरवलं होतं. खिडकीखाली. चार खुर्च्या. मागच्या अंगणात चादरी वाळत घालायला दोरी, म्हणजे त्या कुणापासून लपवायला नकोत. दर रविवारी चर्चहून येताना ती मुद्दाम त्या बाजूनं यायची. आत कधी डोकावली नाही. कुणी पाहिलं तर काय वाटेल?

ट्रस्टचं वर्षाचं मोठं जेवण नोव्हेंबरात असायचं. चारशे माणसं, टेबलावरच्या जागा विकत घ्यायच्या, जेवायचं आणि दान द्यायचं. त्या वर्षी रूथनं जसिंताला सांगितलं की तुम्ही पाच मिनिटं बोलायचं आहे. मग जरा थांबून म्हणाली, चांगला कोट घाला, आणि मुलांनाही आणा. रूथला गुपित ठेवता यायचं नाही. जसिंता काय ते समजली. रात्री तिनं ओरानच्या बुटांना पॉलिश केलं आणि ओरानला काही सांगितलं नाही. पण तोही समजला.

जेवण त्याच हॉटेलात होतं. पाच महिने बाजूच्या दारानं गेलेली ही तीन माणसं त्या दिवशी पुढच्या दारानं आत गेली. बीफ होतं, बटाटे दोन प्रकारचे होते. तिसऱ्या टेबलावर मॉसी लूबी होता, दहा खुर्च्या विकत घेऊन. त्यानं उठून तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला की तुला पाहून फार बरं वाटलं. ट्रस्टच्या टेबलावर तिच्या शेजारी बेकी फोली बसली होती. बेकी मठातलीच, तेवीस वर्षांची, पोट सातव्या महिन्याचं, नवरा रात्रपाळीचा रखवालदार.

जसिंता चांगली बोलली. रडली नाही, रडवायचा प्रयत्नही केला नाही. ओल्या चादरीचं सांगितलं नाही, बाजूच्या दाराचं तेवढं सांगितलं. हॉटेलचा मालक पहिल्या टेबलावर होता, तो ताटाकडं बघत बसला. ती खाली उतरायला निघाली तेव्हा मॅलकी व्यासपीठावर चढला, तिला थांबवलं आणि खिशातून किल्ली काढली. हिरव्या फितीत बांधलेली.

"जसिंता," तो माइकवर म्हणाला, "सात नंबरचं घर. तुझं आहे ते. घे."

काय झालं ते तिला पुढं वर्षभर रोज आठवत राहिलं. तिचा उजवा हात खरोखर पुढं निघाला होता. खाली ओरान खुर्चीवर उभा राहिला होता, तेही तिला दिसलं. आणि तोंडातून जे निघालं ते तिनं निवडलेलं नव्हतं. ते चाळीस वर्षांपूर्वी पळीनं आत बसवलेलं होतं.

"अहो नको मॅलकी," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा गरजू माणसं आहेत. ही बेकी बघा, दिवस भरत आलेत तिचे. तिला द्या."

असंच म्हणायचं असतं. नुसतं नको म्हटलं तर उद्धटपणा होतो, म्हणून दुसऱ्या कुणाकडं तरी बोट दाखवायचं. नोरीनकडं दाखवलं होतं तसंच. आता मॅलकी म्हणणार होता, अगं घे गं. मग ती म्हणणार होती, खरंच नको. मग तो तिसऱ्यांदा म्हणणार होता आणि मग किल्ली तिच्या हातात येणार होती. ती थांबली. मान जरा खाली घालून, वाट बघत.

आधी एकच माणूस टाळ्या वाजवायला लागला. मग चारशे माणसं उभी राहिली. बायका रुमाल डोळ्यांना लावायला लागल्या. मॅलकीनं तोंड उघडलं होतं. ते त्यानं मिटलं. एकदा हॉलभर नजर फिरवली आणि माइक वर धरला.

"पाहिलंत?" तो म्हणाला. "ज्या बाईकडं काही नाही, ती बाई काय देतेय पाहिलंत? बेकी, पोरी, वर ये."

बेकी वर आली. चेहरा लाल. ती म्हणाली, नको हो, हे जसिंताचं आहे. मॅलकी म्हणाला, घे गं. बेकी म्हणाली, मला नाही घेववत. मॅलकी म्हणाला, अगं घे म्हणतो ना, तिनंच दिलंय. तिसऱ्यांदा त्यानं बेकीची मूठ उघडली, किल्ली तिच्यात ठेवली आणि मूठ मिटली. तीनदा. अगदी रीतीप्रमाणं. जसिंता दोन हातांच्या अंतरावर उभी राहून ते मोजत होती.

जसिंताला काचेचं एक जड भांडं मिळालं, नक्षी कोरलेलं. ते दुसऱ्याच कुणासाठी आणलं होतं, पण मॅलकीनं तिथल्या तिथं तिला दिलं. ओरान घरी जाताना पुढं पुढं चालत राहिला. क्लोदानं विचारलं की आपण सात नंबरला कधी जायचं, तर त्यानंच सांगितलं, आईनं देऊन टाकलं.

सोमवारी सकाळी कामावर जायच्या आधी ती रूथच्या खोलीत गेली. ही गोष्ट तिला फार जड गेली, कारण आजवर तिनं कधी काही मागितलंच नव्हतं. ती म्हणाली की परवा मी जे बोलले ते खरं नव्हतं, म्हणजे तसं म्हणायची पद्धत असते. रूथनं चष्मा काढला. तिला खरोखर कळेना. चारशे माणसांसमोर बोललात, चित्रफीत आहे, फोली कुटुंबाच्या सह्या झाल्यात. आणि मग तिनं नियम वाचून दाखवला. राहण्याजोगं घर नाकारलं तर कुटुंब यादीच्या तळाला जातं आणि वर्षभर त्याचा विचार होत नाही. नियम सगळ्यांना सारखा. फाइलीत तिनं शनिवारीच लिहून ठेवलं होतं, 'घर दिले, नाकारले.' रूथला वाईट वाटलं. तिनं पाण्याचा पेला पुढं केला. जसिंता म्हणाली नको, आणि रूथनं पेला बाजूला ठेवला.

मग ती मॅलकीकडं गेली, त्याच्या ब्लॉकच्या कारखान्यावर. तो जीपमध्ये बसून निघण्याच्या बेतात होता. त्यानं काच खाली केली.

"मला ते घर हवं होतं," ती म्हणाली.

"मग नको कशाला म्हणालीस?"

"तुम्ही एकदाच विचारलंत."

मॅलकीनं इंजिन बंद केलं. खोटं बोलला असता तर तिला सोपं गेलं असतं. पण तो खोटं बोलला नाही.

"माझी आई तुझ्या आईच्याच गावची," तो म्हणाला. "मला कळत नाही होय? मी 'घे गं' म्हणणारच होतो, देवाशपथ. पण टाळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या टेबलावर तो मॉसी लूबी डोळे पुसत दानाच्या कार्डावर आकडा लिहीत होता. मॉसी लूबी, जसिंता, ज्यानं जन्मात कुणाला दमडी दिली नाही. त्यात मी कसा आडवा पडू? तुझ्या त्या एका 'नको'वर चार घरं उभी राहणार आहेत."

"त्यातलं एक माझं?"

"ते सगळं रूथ बघते," मॅलकी म्हणाला आणि काच वर केली.

त्या वर्षभरात काय काय झालं ते सांगताना माझं डोकं फिरतं, म्हणून थोडक्यात सांगते. बेकी नाताळात सात नंबरला राहायला गेली. जानेवारीत तिला मुलगा झाला. एकदा ती त्याला कडेवर घेऊन, केक घेऊन मठात आली, खूप रडली, म्हणाली, मी परत देऊ का गं तुला? जसिंता म्हणाली, नको गं, वेडी आहेस का. बेकीनं पुन्हा विचारलं नाही. कडेवर पोर असताना कोण विचारेल. बेकीनं टेबल खिडकीखाली ठेवलं. जसिंताच्या खोलीतून ते दिसायचं. ओरानला दम लागायला लागला, मठाच्या भिंतीला ओल होती. वर्तमानपत्रात जसिंताचा फोटो आला, खाली लिहिलं होतं, 'किल्ली देणारी आई.' सुपरमार्केटात लोक सॉसेज-पाव घेताना तिला म्हणायचे की तुझ्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय. ती म्हणायची, छे हो, मी काय केलं. आणि रात्री खोलीत बसून सात नंबरच्या दिव्याकडं बघत तिचा जीव असा जळायचा की एकदा तिनं ते काचेचं भांडं न्हाणीघरात आपटलं. फुटलं नाही ते. फरशीचा टवका उडाला आणि रूथनं त्याची फाइलीत नोंद केली.

पुढच्या नोव्हेंबरात रूथनं तिला बोलावलं. चार नवी घरं तयार झाली होती, ती जेवणात जाहीर होणार होती. जसिंतानं विचारलं, मला? रूथनं तारखा पाहिल्या. वर्ष पुरं व्हायला अकरा दिवस कमी पडत होते, आणि चारही घरांची नावं ठरली होती. पण मॅलकीची एक इच्छा आहे, रूथ म्हणाली. गेल्या वर्षीचा तो प्रसंग लोकांना अजून आठवतो. तोच पुन्हा करायचा. मॅलकी किल्ली पुढं करेल, तुम्ही नको म्हणायचं, मग तो नव्या कुटुंबांना वर बोलावेल. एक मिनिटाचं काम. तुम्ही मदत केलीत हे ध्यानात ठेवलं जाईल. रूथला त्यात काही वाईट दिसलं नाही. खऱ्या किल्ल्या वाटून झाल्या होत्या, म्हणून तिनं मठाच्या धुण्याच्या खोलीची किल्ली घेतली आणि तिला हिरवी फीत बांधली.

जसिंता हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? हिवाळा तोंडावर होता आणि डोक्यावरचं छप्पर ट्रस्टचं होतं. त्या दिवशी ती जेवली नाही. ओरान यायलाच तयार नव्हता, त्याला मठात ठेवलं. क्लोदा आली, तिला लोकांनी पहिल्या टेबलावर बसवलं. मॉसी लूबी पुन्हा तिसऱ्या टेबलावर होता. दिवे मंद झाले, भिंतीवर गेल्या वर्षीची चित्रफीत दाखवली, आणि जसिंतानं स्वतःलाच पाहिलं, मान खाली घालून वाट बघत उभी असलेली. पुढं निघून थांबलेला तो उजवा हातही त्यात स्पष्ट दिसत होता. चारशे माणसांत तो कुणालाच दिसला नव्हता.

मॅलकीनं किल्ली पुढं केली. "जसिंता, ही तुझी किल्ली. घेतेस?"

हॉल वाट बघत होता. रुमाल हातात तयार होते. तिला मांडीवर पळी बसल्यासारखं झालं.

"हो," ती म्हणाली. "घेते."

कुणीतरी हसलं, विनोद समजून. मॅलकीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले. तो माइकवर म्हणाला, "नक्की ना गं? गेल्या वर्षी तू किती मोठं मन दाखवलंस..."

"हो. नक्की."

आता कुणी हसलं नाही. एक काटा ताटलीवर वाजला. मॅलकी माइक बाजूला करून दबक्या आवाजात म्हणाला, "अगं, काय करतेस? तिसऱ्यांदा विचारतो, नीट बोल. घेतेस?"

"तिसऱ्यांदाही हो," जसिंता म्हणाली. "झालं तीनदा. द्या."

द्यावी लागली त्याला. किल्ली तिच्या तळहातावर पडली, आणि वर्षभर राहिलेलं ते विचारणं एकदाचं पूर्ण झालं, धुण्याच्या खोलीच्या किल्लीवर. टाळी एकही वाजली नाही. ती पायऱ्या उतरत असताना तिसऱ्या टेबलावरून मॉसी लूबी बायकोला म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "एवढं केलं तरी पोट भरत नाही यांचं." लोकांनी माना हलवल्या. गेल्या वर्षी देवी होती, आता हावरट झाली. पहिल्या टेबलावर क्लोदा खुर्चीत अंग चोरून बसली होती, सगळे आपल्याकडं बघतायत हे तिला कळत होतं.

सोमवारी धुण्याची खोली उघडेना. अठरा कुटुंबांचे कपडे तसेच पडले. रूथ वर आली आणि म्हणाली, जसिंता, किल्ली परत द्या. जसिंताच्या एप्रनच्या खिशात होती ती, मुठीत. ती नाही म्हणाली. रूथनं दुसऱ्यांदा विचारलं असतं तरी ती नाहीच म्हणाली असती. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर दिली असती, ती मूठ उघडायच्या तयारीतच होती. रूथ म्हणाली, ठीक आहे, आणि खाली जाऊन तिनं कुलूपवाल्याला फोन केला. दुपारपर्यंत नवं कुलूप बसलं.

गुरुवारी पत्र आलं. सहकार्य नाही, ट्रस्टच्या मालमत्तेची अडवणूक, फरशीचं नुकसान. हॅनरहान कुटुंबाची मठातली जागा संपली, महापालिकेनं पुन्हा हॉटेलची सोय करावी. महापालिकेनं केली. चाळीस किलोमीटरवर, दुसऱ्या जिल्ह्यात, कारण जवळ कुठं जागा नव्हती. पहाटे सहाला काउंटरवर पोचेल अशी बस नव्हती, त्यामुळं नोकरी गेली. मुलांच्या शाळा गेल्या. मॅलकीनं निरोप पाठवला की फार वाईट वाटलं, आणि ते खरंच वाटलं असणार. काचेचं भांडं ती मठातच विसरली. किल्ली मात्र बरोबर घेतली, फितीसकट.

हॉटेलच्या काउंटरवर एक तरुण पोरगी होती, परदेशातून आलेली, हसऱ्या तोंडाची. तिनं नावं लिहून घेतली. जसिंताच्या दोन्ही हातांत पिशव्या, ओरान दम टाकत भिंतीला टेकलेला. त्या पोरीनं काउंटरखालून एक ताटली काढली आणि क्लोदासमोर धरली. बिस्किटं होती. क्लोदा सात वर्षांची झाली होती. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. तिनं ताटलीकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि तिला तो हॉल आठवला असणार.

"नको, थँक्यू," ती हळूच म्हणाली.

"बरं," त्या पोरीनं म्हटलं आणि ताटली आत ठेवायला लागली.

जसिंतानं पिशव्या खाली टाकल्या. खाली वाकून तिनं क्लोदाच्या दंडाला असा चिमटा काढला की नखं उमटली.

"हो म्हण," ती म्हणाली. "हो म्हण म्हणते ना तिला."

क्लोदा हो म्हणाली. त्या पोरीनं घाबरून ताटली परत पुढं केली. क्लोदानं एक बिस्किट उचललं आणि तिथंच उभी राहून, रडत रडत, पूर्ण खाल्लं.